ड्रेन प्लगमधून इंजिन ऑइल गळतंय : वायसर, आटे की चेंबर?

घाटमाथा (धागालेखक)

गाडी होंडा सिटी, २०११, दीड लिटर पेट्रोल, मॅन्युअल. तीन आठवड्यांपूर्वी बाहेरच्या गॅरेजमध्ये ऑइल बदललं, तेव्हापासून ड्रेन प्लगखाली (इंजिनच्या तळाशी तेल सोडायचा बोल्ट) थेंब पडतोय. रात्रभर पुठ्ठा ठेवला तर सकाळी तळहाताएवढा डाग. डिपस्टिकवर वरच्या खुणेपासून साधारण पाव अंतर तेल उतरलंय. गॅरेजने प्लग दोनदा आणखी आवळून दिला. पहिल्या वेळी दोन दिवस थांबलं, दुसऱ्या वेळी काहीच फरक नाही. आता ते म्हणतात चेंबरच (इंजिनखालचं तेल साठायचं भांडं) बदला.

विचारायचं हे :
१. गळती नक्की प्लगचीच, हे कसं ओळखायचं?
२. वायसर बदलून भागेल का? कोणता घ्यायचा?
३. आटे गेले असतील तर चेंबर न बदलता दुरुस्ती होते का?
४. तोवर गाडी चालवावी का?

---

काळं_तेल

चौथ्याचं आधी सांगतो. वरच्या आणि खालच्या खुणेमध्ये बहुतेक गाड्यांत एक लिटर किंवा त्याहून थोडं कमी तेल मावतं. पाव अंतर म्हणजे दोनशे-अडीचशे मिली. तीन आठवड्यांत एवढं म्हणजे दिवसाला दहा-बारा मिली. रोज सकाळी गाडी सपाटीवर असताना कांडी (डिपस्टिक) बघा, लागेल तसं त्याच ग्रेडचं तेल घाला आणि जवळपास चालवा. लांबचा प्रवास आणि घाट दुरुस्तीनंतर.

एक लक्षात ठेवा, डॅशबोर्डवरचा लाल दिवा तेलाची पातळी दाखवत नाही, दाब दाखवतो. पंपाला तेल मिळेनासं झालं की तो पेटतो. तोवर बेअरिंगचं नुकसान सुरू झालेलं असतं. दिव्याच्या भरवशावर राहू नका, कांडीवर राहा.

आणि तिसऱ्यांदा आवळू देऊ नका. तुमच्या गाडीचं चेंबर अ‍ॅल्युमिनियमचं आहे, प्लग लोखंडी. जास्त जोर लावला की आटे चेंबरचे जातात, प्लगचे नाही.

---

नटबोल्ट

ड्रेन प्लग हा चेंबरचा सगळ्यात खालचा भाग. वर कुठेही गळलं तरी तेल चेंबरच्या अंगावरून ओघळत प्लगच्या टोकाशी येऊन थेंब धरतं. व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट, ऑइल फिल्टर, ऑइल प्रेशर स्विच, टायमिंग चेन कव्हरची सांध, क्रँकचा सील, यातलं काहीही असू शकतं. ऑइल बदलल्यावर लगेच सुरू झालं म्हणजे संशय दोघांवर : प्लग आणि फिल्टर. फिल्टर काढताना जुन्याची रबरी रिंग इंजिनलाच चिकटून राहते आणि त्यावर नवा फिल्टर चढवला जातो. हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा होतं.

ओळखायची पद्धत :

इंजिन थंड असताना प्लगचा भोवताल, चेंबरची खालची बाजू आणि फिल्टरचं बूड ब्रेक क्लीनरने धुऊन फडक्याने पुसा. ब्रेक क्लीनर नसेल तर रॉकेल किंवा डिझेल, पण मग पुसल्यावर पूर्ण सुकू द्या. नाहीतर तोच ओलावा गळती समजाल. सुकल्यावर प्लगभोवती आणि वर चेंबरच्या भिंतीवर साधी टाल्कम पावडर फुंकरीने बसवा. इंजिन चालू न करता गाडी दोन-तीन तास ठेवा आणि टॉर्च मारून बघा. पावडरीवर तेलाची वाट स्पष्ट उमटते. प्लगच्या डोक्याखालच्या गोल सांधेतून ओली रेघ निघत असेल तर प्लग. वरून ओघळ आला असेल तर वर शोधा.

यानंतर इंजिन पंधरा मिनिटं चालू ठेवून पुन्हा बघा. चेंबरमधलं तेल पंपाच्या दाबाखाली नसतं, ते नुसतं साठलेलं असतं. त्यामुळे प्लगची गळती गाडी बंद असतानाही चालूच राहते. इंजिन चालू असतानाच गळतं आणि बंद केल्यावर थांबतं, असं असेल तर दाबाच्या बाजूला, म्हणजे फिल्टर आणि प्रेशर स्विचकडे बघा.

---

घाटमाथा

@नटबोल्ट, करून बघितलं. फिल्टर कोरडा. इंजिन बंद असताना अडीच तासांत प्लगच्या डोक्याखालून खालच्या अंगाला ओली रेघ. वर पावडर कोरडी. म्हणजे प्लगच.

---

पक्या_टर्बो

एवढं कशाला? प्लग काढायचा, आट्यांवर टेफ्लॉन टेप चार वेढे, परत बसवायचा. बाहेरून एम-सील. शंभर रुपयांत काम.

---

स्पॅनरवाली

@पक्या_टर्बो, नको रे बाबा.

नळाच्या फिटिंगचे आटे निमुळते असतात, ते आवळताना एकमेकांत रुततात, म्हणून तिथे टेप चालते. ड्रेन प्लगचे आटे सरळ असतात. त्यांचं काम फक्त ओढून धरणं. तेल अडवतो तो वायसर, प्लगचं डोकं आणि चेंबरचं तोंड यांच्यामध्ये दाबला गेलेला. टेप लावली की तीन गोष्टी होतात. आट्यांमधलं घर्षण बदलतं, त्यामुळे टॉर्क रेंचचा (ठरलेल्या जोरानेच आवळायचा पाना) आकडा तोच राहिला तरी ताण वेगळाच पडतो. प्लग पूर्ण बसला असं हाताला वाटतं, पण वायसर नीट दाबलेला नसतो. आणि पुढच्या वेळी प्लग काढताना टेपच्या चिंध्या आत पडतात, त्या ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात.

एम-सील तेलकट पृष्ठभागावर धरत नाही, आणि गळणाऱ्या प्लगचा पृष्ठभाग तेलकटच असणार. रानात अडकलात तर गाडी घरापर्यंत आणायला ठीक. पण मग प्लग काढताना ते खरवडताना प्लगच्या डोक्याचे कोपरे जातात.

ऑइलमध्ये घालायचं ‘लीक स्टॉप’ही इथे निरुपयोगी. ते रबरी सील फुगवतं. धातूच्या वायसरला त्याचं काय? जाड ग्रेडचं तेल घालणं हाही उपाय नाही, फक्त थेंब जरा उशिरा पडतो.

---

पक्या_टर्बो

बरं ताई. टेप परत.

---

पाना_सतरा

आता वायसरबद्दल, कारण निम्म्याहून जास्त वेळा दोष त्याचाच.

होंडाचा वायसर अ‍ॅल्युमिनियमचा, आतलं भोक १४ मिमी, पार्ट नंबर ९४१०९-१४०००. एकदाच वापरायचा. आवळताना तो दबून चेंबरच्या तोंडाच्या बारीक खाचांमध्ये बसतो. एकदा दबला की कडक होतो आणि दुसऱ्या वेळी तसा बसत नाही. स्पेअर पार्टच्या दुकानात किरकोळ किमतीत मिळतो. चार-पाच एकदम आणून ठेवा, पाकीट गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवा आणि ऑइल बदलायला जाताना स्वतः हातात द्या.

तांब्याचा वायसरही चालतो, पण नवा किंवा तापवून मऊ केलेला. जुना तांब्याचा वायसर मंद लाल होईपर्यंत तापवून गार केला की पुन्हा मऊ होतो. पाण्यात गार करा किंवा हवेवर, तांब्याला फरक पडत नाही. हा प्रयोग अ‍ॅल्युमिनियमच्या वायसरवर करू नका. अ‍ॅल्युमिनियम लाल होऊन इशारा देत नाही, ६६० अंशांना सरळ वितळतं.

रबर आणि धातू एकत्र असलेले बाँडेड वायसरही मिळतात. तोंडावर हलके ओरखडे असतील तर ते चांगले धरतात. मात्र रबर नाइट्राइलचं की व्हिटॉनचं ते विचारून घ्या. इंजिन ऑइलच्या उष्णतेला व्हिटॉन जास्त टिकतं. फायबरचा लाल वायसर तात्पुरता समजा.

---

लेथकाम

तांब्याला माझा विरोध. लोखंडी चेंबर असेल तर हरकत नाही. पण सिटीच्या अ‍ॅल्युमिनियम चेंबरवर कडक तांब्याचा वायसर लावला की तो स्वतः दबण्याऐवजी चेंबरच्या तोंडावर गोल वळ उठवतो. दोन-तीन ऑइल बदलांनंतर त्या वळावर कुठलाच वायसर बसत नाही. नव्वद टक्के गॅरेजवाले वायसर तापवत बसत नाहीत. कंपनीने मऊ अ‍ॅल्युमिनियमचा दिलाय, तोच लावा.

---

पाना_सतरा

@लेथकाम, मुद्दा मान्य. ‘तापवून मऊ केलेला’ हे शब्द कोणी वाचत नाही, म्हणून सिटीसाठी अ‍ॅल्युमिनियमच म्हणू या.

---

काळं_तेल

एक महत्त्वाची गोष्ट राहिली. जुना वायसर चेंबरच्या तोंडाला इतका घट्ट चिकटतो की तो चेंबरचाच भाग वाटतो. मेकॅनिकला प्लगवर वायसर दिसत नाही, तो नवा घालतो. मग एकावर एक दोन वायसर बसतात आणि त्यांच्या मधल्या सांधेतून तेल येतं. आवळलं की दोन दिवस थांबतं, मग पुन्हा सुरू. घाटमाथांचं वर्णन अगदी असंच वाटतंय.

प्लग काढल्यावर भोकाभोवती नखाने चाचपडा. पायरी लागली तर जुना वायसर आहे. पातळ पेचकसाच्या टोकाने कडेकडेने उचकटायचा, टोक चेंबरच्या तोंडावर घासू द्यायचं नाही.

---

नटबोल्ट

प्लग काढण्याची पद्धत सविस्तर देतो, कारण पुढचं निदान प्लग बाहेर आल्यावरच होणार.

सामान : १७ मिमीचा सहा कोनी रिंग पाना किंवा गोटी (सॉकेट). बारा कोनी नको, आधीच दोनदा जोरात आवळलेल्या प्लगचे कोपरे जातात. पाच लिटरचं पसरट टब, ब्रेक क्लीनर, फडकी, नवा वायसर, जमल्यास नवा प्लगही. टॉर्क रेंच. तेल या इंजिनात फिल्टरसकट ३.६ लिटर, फिल्टर न बदलता ३.४ लिटर.

गाडी सपाट आणि पक्क्या जमिनीवर, हँडब्रेक, पहिला गिअर, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे. पुढून जॅकने उचलून दोन घोड्यांवर (जॅक स्टँडवर) ठेवा. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. विटांचा थर म्हणजे घोडी नव्हे, वीट अचानक फुटते.

गाडी उचलण्याआधीच, न्यूट्रलमध्ये, इंजिन पाच-सात मिनिटं चालवून बंद करा, दहा मिनिटं थांबा. तेल कोमट हवं, उकळतं नको.

आता होंडावाल्यांसाठी खास : खाली दोन प्लग दिसतात. ज्याच्या डोक्यात चौकोनी खाच आहे, ३/८ इंचाची रॅचेट थेट बसते तो, गिअरबॉक्सचा. त्याला हात लावायचा नाही. इंजिनचा म्हणजे १७ च्या षटकोनी डोक्याचा. चुकून गिअरबॉक्सचं तेल सोडून इंजिनमध्ये दुप्पट तेल भरणारे लोक दर वर्षी निघतात.

वरचं ऑइल भरायचं झाकण सैल करा, म्हणजे तेल धारेत येतं. प्लग पान्याने अर्धा फेरा सैल करून पुढचं हाताने. सोडवताना प्लग आत दाबून फिरवत राहा आणि शेवटी झटक्यात बाजूला घ्या. धार सुरुवातीला लांब पडते, टब त्या बेताने ठेवा.

प्लग सोडवताना हाताला काय जाणवतं ते लक्षात ठेवा. पहिला ताण सुटल्यावर बोटांनी गुळगुळीत फिरत आला तर आटे ठीक. पान्याशिवाय फिरतच नाही, मध्येच कचकच लागते, किंवा ओढला तर डुलतो, असं असेल तर आटे गेलेत.

---

पक्या_टर्बो

वायसरच बदलायचा तर सगळं ऑइल कशाला काढायचं? तीन आठवड्यांचंच आहे. व्हॅक्यूम क्लीनरचा पाइप ऑइल भरायच्या तोंडाला लावायचा, आत ओढ बसते, प्लग काढला तरी तेल पडत नाही. व्हिडिओ आहेत.

---

स्पॅनरवाली

व्हिडिओत दिसत नाही ते असं, की क्रँककेसमध्ये पेट्रोलची वाफ असते आणि घरगुती व्हॅक्यूमच्या मोटरीत ब्रशच्या ठिणग्या उडतात. ती वाफ सरळ मोटरीतून जाते. शिवाय तेल थेंबथेंब पडत असताना चेंबरचं तोंड साफ करून तपासणार कसं? इथे तपासणीच तर महत्त्वाची आहे.

तेल तीन आठवड्यांचंच आहे तर टब रॉकेलने नव्हे, साबणाने धुऊन पूर्ण वाळवा, त्यात तेल काढा, झाकून ठेवा आणि तेच परत घाला. टबात पाण्याचा थेंब किंवा माती असेल तर मात्र हट्ट धरू नका. आणि आट्यांचा कीस पडण्यासारखं काम निघालं, तर ते तेल परत वापरायचं नाही.

---

लेथकाम

प्लग बाहेर आला की तीन जागा तपासा.

पहिली, प्लग. आट्यांच्या खाचांत चांदीसारखे चमकदार तंतू अडकलेत का? ते चेंबरचे आटे. प्लगच्या डोक्याखालची बसायची बाजू सपाट आहे का? गॅरेजच्या डब्यातला भलताच प्लग तर नाही ना? होंडा, मारुती, ह्युंदाई यांचे बरेच प्लग एम१४ × १.५ (१४ मिमी व्यास, आट्यांमधलं अंतर दीड मिमी) आहेत, त्यामुळे एकमेकांत बसतात, पण लांबी आणि डोक्याची कड वेगळी असू शकते. आखूड प्लग चार आट्यांवरच धरतो आणि ते चार आटे घेऊनच बाहेर येतो. टोयोटात बऱ्याच ठिकाणी एम१२ × १.२५ असतो, तो इथे नुसता आत पडेल.

दुसरी, चेंबरचं तोंड. जास्त आवळलं की भोकाजवळचे पहिले एक-दोन आटे बाहेरच्या बाजूला ओढले जातात आणि भोकाच्या काठावर बारीक उंचवटा येतो, वारुळाच्या तोंडासारखा. वायसर त्या उंचवट्यावर टेकतो, बाहेरची कड अधांतरी राहते. मग वायसर कितीही नवा घाला, गळणारच. आणि जितकं आवळाल तितका उंचवटा वाढतो. एक छोटी पोलादी पट्टी तोंडावर आडवी धरून मागून टॉर्च मारा, फट कळते.

तिसरी, आतले आटे. कापूस गुंडाळलेली काडी आत फिरवून स्वच्छ करा, मग बघा. आटे टोकदार दिसायला हवेत. सपाट झालेले किंवा वरचा थर निघालेला असेल तर किती आटे शिल्लक आहेत ते मोजा.

प्लग थोडा आटे पकडतोय आणि फक्त उंचवटा आहे, तर ही सगळ्यात स्वस्त दुरुस्ती. भोकाच्या काठाला काउंटरसिंकचं (काठ उतरता कापायचं हत्यार) टोक हाताने दोन-तीन फेरे फिरवा, ड्रिल मशीनने नाही. उंचवटा गेला की तोंडावर सपाट ऑइलस्टोन (धार लावायचा बारीक दगड) गोल गोल फिरवा. सँडपेपर बोटाने घासू नका, खड्डा पडतो. ओरखडे असलेच तर गोल दिशेने असावेत. केंद्रापासून बाहेर जाणारा एक ओरखडाही तेलाला वाट देतो.

---

विदर्भी_डिझेल

लोखंडी चेंबरवाल्यांसाठी पुरवणी. मारुतीच्या बऱ्याच गाड्यांत पत्र्याचं चेंबर असतं, त्याच्या आत नट वेल्ड केलेला असतो आणि प्लग त्यात बसतो. त्यात आटे सहसा जात नाहीत, जातो तो वेल्ड. तेल नट आणि पत्रा यांच्या मधून झिरपतं आणि बाहेरून वायसर गळतोय असंच वाटतं. ओळख : प्लग सोडवताना त्याच्याबरोबर नटही किंचित हलतो. स्पीडब्रेकरला चेंबर घासलं असेल तर पत्रा दबून नटाचं तोंड तिरकं होतं, तेव्हाही वायसर एका बाजूनेच दबतो. अशा वेळी चेंबर उतरवून वेल्ड किंवा ब्रेझिंग करणं नाहीतर नवं चेंबर. गाडीवर असताना खालून वेल्ड मारायला कोणी तयार झाला तर नमस्कार करून निघा. आत तेल आणि वाफ आहे.

---

घाटमाथा

प्लग काढला. निष्कर्ष :
– एकावर एक दोन वायसर निघाले. जुना चेंबरला चिकटलेला, त्यावर तांब्याचा.
– पट्टी धरली तर भोकाजवळ उंचवटा दिसतो, अंदाजे अर्धा मिमी.
– प्लगच्या खाचांत चमकदार तंतू आहेत, थोडे.
– बाहेरचे दोन आटे खराब. आतले सहा तरी नीट दिसतात.
– प्लगचे कोपरे अर्धे गेलेत.
प्लग बोटांनी पहिले दोन फेरे अडखळतो, मग गुळगुळीत जातो.

---

लेथकाम

सुटलात. चेंबर बदलायची गरज नाही.

नवा होंडाचा प्लग घ्या, हा फेका. उंचवटा वर सांगितल्याप्रमाणे काढा. बाहेरचे दोन आटे सरळ करायला एम१४ × १.५ चा टॅप (आटे पाडायचं हत्यार) किंवा थ्रेड चेझर लागेल. चेझर मिळाला तर उत्तम, तो धातू कापत नाही, आटे जागेवर आणतो. टॅप वापरलात तर खाचांमध्ये ग्रीस भरा, कीस ग्रीसला चिकटतो. हाताने सरळ धरून आधीच्या आट्यांत बसवा. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. टॅप तिरका लागला असं वाटलं की थांबा. तिरका गेलेला टॅप सहा चांगले आटेही घेऊन जाईल.

अ‍ॅल्युमिनियमचा कीस चुंबकाला चिकटत नाही, म्हणून चुंबक फिरवून ‘साफ झालं’ समजू नका. प्लग न लावता वरून अर्धा लिटर स्वस्तातलं तेल ओता आणि खालून वाहून जाऊ द्या. टबात फडकं पसरून त्यावर कीस दिसतोय का बघा. दिसत असेल तर पुन्हा अर्धा लिटर.

---

सह्याद्री_४x४

आटे पूर्ण गेलेले असतील त्यांच्यासाठी काय? धागा पुढे अनेकांना सापडेल, म्हणून विचारतोय.

---

लेथकाम

पर्याय चार, माझ्या पसंतीच्या क्रमाने.

घन बुशवाला इन्सर्ट (भोकात बसवायची आट्यांची नळी), टाइमसर्ट प्रकारचा. भोक मोठं करून, तोंड कापून, नवे आटे पाडून एम१४ × १.५ चा पोलादी बुश बसतो. मूळ मापाचा प्लग आणि मूळ वायसर तसाच राहतो. किट महाग, पण ज्या वर्कशॉपकडे आहे त्यांच्याकडून करून घ्यावं. एकदा बसला की मूळ अ‍ॅल्युमिनियमपेक्षा टिकाऊ.

दुसरा, लेथवाल्याकडून बुश. आपल्याकडे प्रत्येक एमआयडीसीबाहेर हे करणारा कोणीतरी असतोच. बाहेरून एम२० × १.५, आतून एम१४ × १.५. चेंबरला भोक १८.५ मिमी. बाहेरून एम१८ करून मागू नका, भिंत जेमतेम सव्वा मिमी उरते. बुशला कॉलर ठेवायला सांगा आणि बाहेरच्या आट्यांना लॉकटाइट ६२० किंवा ५७७ (आटे पक्के धरून फट बंद करणारं रसायन) लावून बसवा. नाहीतर वायसर धरेल आणि तेल बुशच्या बाहेरच्या आट्यांतून येईल. त्याआधी चेंबरच्या भोकाभोवती तेवढं मांस आहे का ते मोजा. चेंबर खाली उतरवूनच हे काम नीट होतं.

तिसरा, एक माप मोठा प्लग, एम१६ × १.५. भोक १४.५ मिमी, टॅप मारा, झालं. स्वस्त. पण हे एकदाच करता येतं, आणि पुढचा मेकॅनिक एम१४ चा प्लग शोधत बसेल. बॉनेटखाली रंगाने माप लिहून ठेवा.

चौथा, हेलिकॉइल. ताण धरण्यासाठी चांगला, पण तो तारेचा गुंडाळा आहे. वारंवार प्लग काढला की कधीकधी गुंडाळाच प्लगबरोबर बाहेर येतो. त्याची मोडायची शेपटी चेंबरमध्ये पडणार नाही हेही बघावं लागतं.

बाजारात ‘स्वतःच आटे पाडणारा’ मोठा प्लग मिळतो. तो पर्याय मी यादीत मुद्दाम घेतलेला नाही. तो तिरका जातो आणि अ‍ॅल्युमिनियमला तडा देतो. चेंबरला तडा म्हणजे चेंबर गेलं.

---

काळं_तेल

आणि चेंबर बदलावंच लागलं तर : जुना सिलिकॉन प्लास्टिकच्या खरवडणीने पूर्ण काढा, दोन्ही कडा ब्रेक क्लीनरने कोरड्या करा. होंडाबाँड किंवा तशाच दर्जाच्या आरटीव्हीची (सांधा सील करायचं सिलिकॉन) तीनेक मिमी जाडीची सलग रेघ, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने. लावल्यावर पाच मिनिटांच्या आत चेंबर चढवा. एम६ चे बोल्ट १२ न्यूटन मीटरला, मध्यापासून टोकांकडे, दोन-तीन फेऱ्यांत. तेल भरायला किमान अर्धा तास, इंजिन चालू करायला किमान तीन तास. जास्त सिलिकॉन लावणारे विसरतात की जेवढं बाहेर येतं तेवढंच आतही जातं, आणि आत पंपाची जाळी आहे.

---

घाटमाथा

टॉर्क किती? माझ्याकडे टॉर्क रेंच नाही.

---

पाना_सतरा

या प्लगला ३९ न्यूटन मीटर, म्हणजे साधारण ४ किलोग्रॅम-बल मीटर. तुलनेसाठी, मारुतीच्या बऱ्याच पेट्रोल इंजिनांना ३५ आणि फोक्सवॅगनच्या बऱ्याच इंजिनांना ३० असतो, तोही दर वेळी नवा प्लग लावून. ‘जोरात आवळ’ या मापात हे तिन्ही बसत नाहीत. अर्धा इंची रॅचेटला पाइप अडकवून ओढला तर शंभराच्या वर सहज जातं. इम्पॅक्ट गनबद्दल न बोललेलं बरं.

टॉर्क रेंच नसेल तर बॅगा तोलायचा हुकवाला डिजिटल काटा वापरा. पाना प्लगवर चढवा, प्लगच्या मध्यापासून बरोबर २० सेंमीवर खूण करा, तिथे दोरीचा फास घालून काटा अडकवा. पान्याला काटकोनात ओढा. काट्यावर २० किलो दिसले की ३९ न्यूटन मीटर झाले. २५ सेंमीवर धरलंत तर १६ किलो. ओढ सावकाश, धक्का नाही. काटकोन चुकला तर आकडा चुकतो.

आटे आणि तोंड पुसून कोरडं करा, प्लग हाताने शेवटपर्यंत बसवा, मगच पाना. पहिल्या दोन फेऱ्यांना पान्याची गरज पडली तर प्लग तिरका लागलाय, परत काढा. अँटीसीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायची पेस्ट) लावू नका, घर्षण कमी झालं की त्याच आकड्याला जास्त ताण बसतो.

---

सह्याद्री_४x४

नळी लावून तेल सोडता येतं तो व्हॉल्व्हवाला प्लग बसवावा का? म्हणजे परत आटे खराब होण्याचा प्रश्न नाही.

---

विदर्भी_डिझेल

कल्पना चांगली, रस्ते वाईट. तो प्लगपेक्षा खाली किंवा बाहेर डोकावतो. सिटीचं पोट आधीच स्पीडब्रेकरला घासतं. तो घासून तुटला तर सगळं तेल रस्त्यावर, मिनिटभरात. उंच गाडीला किंवा खाली जाड गार्ड असेल तर लावा.

आटे वाचवायचे तर दुसरी पद्धत आहे. डिपस्टिकच्या नळीतून पंपाने तेल ओढून घेणं. प्लगला हात लागत नाही. तळाला थोडं तेल उरतं, म्हणून दर दोन-तीन वेळा एकदा प्लग काढून सोडावं.

---

घाटमाथा

झालं. नोंद ठेवतो :

दोन्ही वायसर काढले. काउंटरसिंक हाताने तीन फेरे, मग ऑइलस्टोन. पट्टीखाली आता फट नाही. थ्रेड चेझर भाड्याने मिळाला, बाहेरचे दोन आटे पूर्ण आले नाहीत, पण नवा प्लग पहिल्या फेऱ्यापासून बोटांनी जातो. अर्धा लिटर तेल दोनदा ओतून काढलं, पहिल्या वेळी फडक्यावर तीन-चार चमकदार कण, दुसऱ्या वेळी काही नाही. नवा प्लग, नवा अ‍ॅल्युमिनियम वायसर, २० सेंमीवर २० किलो. काढलेलं तेल परत घातलं नाही. नवं तेल, फिल्टर तोच, म्हणून ३.४ लिटर.

पावडर लावून रात्रभर ठेवली. कोरडी. दुसऱ्या दिवशी चाळीस किलोमीटर चालवून परत रात्रभर. कोरडी.

---

नटबोल्ट

छान. आठवड्याने एकदा बघा, पण ‘जरा आवळून घेऊ’ म्हणून पाना लावू नका. दाबला गेलेला वायसर पुन्हा आवळल्याने सुधारत नाही. पुढे कधी प्लगबरोबर इतर सांध्यांतूनही तेल यायला लागलं तर पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रँककेसमधली वाफ बाहेर जाऊ देणारा) तपासा. तो तुंबला की क्रँककेसमध्ये दाब साठतो आणि जिथे फट मिळेल तिथून तेल ढकलतो.

---

घाटमाथा

काढलेलं साडेतीन-चार लिटर तेल कॅनमध्ये आहे. कुठे द्यायचं? आणि सोसायटीच्या पार्किंगमधला डाग?

---

स्पॅनरवाली

डागावर लाकडाचा भुसा किंवा सिमेंटची पूड रात्रभर पसरा, सकाळी झाडून काढा, मग कपडे धुवायची पावडर आणि ताठ ब्रश. फरशी असेल तर निघतो, कोबा असेल तर पुसटसा राहतो.

तेल गटारात नाही आणि झाडाच्या बुंध्याशीही नाही. वापरलेलं तेल धोकादायक कचऱ्यात मोडतं. कॅनवर ‘वापरलेलं इंजिन ऑइल’ लिहा, त्यात रॉकेल-ब्रेक क्लीनर मिसळू नका, आणि कंपनीच्या वर्कशॉपला किंवा मोठ्या गॅरेजला द्या. त्यांच्याकडून ते नोंदणीकृत रिसायकलरकडे जातं. फोनवर आधी विचारून जा, काही ठिकाणी फक्त दुपारपर्यंतच घेतात.